पाचवीची पट्टी

सटवाईने कपाळी लिहिलेलं माणसाला पहिल्यांदा वाचता आलं, तो दिवस मानवजातीने सुवर्णाक्षरांत कोरून ठेवावा असा होता. वाचन एका ओल्या लंगोटावरून झालं, म्हणून कुणी कोरला नाही.

यंत्राचं शास्त्रीय नाव इतकं लांब होतं, की विकायला येणाऱ्या पोरांनाही ते एका दमात म्हणता येत नसे. कंपनीने बाजारात आणताना त्याला 'नवांकुर' म्हटलं. लोकांनी 'पाचवी' म्हटलं आणि तेच टिकलं, कारण निकाल बाळाच्या पाचव्या दिवशी येई. पाचवीच्या पूजेला पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवायचं, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते, ही आपली जुनी सोय. आता त्याच पाटावर कागदाशेजारी मोबाइल ठेवू लागले. मोबाइलला हळदकुंकू वाहताना ते चार्जिंगच्या भोकात जाऊ नये, एवढी काळजी घ्यायची.

तपासणी सोपी होती. हाताच्या बोटाएवढी एक पट्टी बाळाच्या लंगोटात ठेवायची, ती भिजली की डबीत घालून द्यायची. पुढचं काम यंत्राचं.

यंत्र काय मोजतं, हे मिरजेतल्या सावर्डेकरांच्या घरात एकाच माणसाला नीट माहीत होतं. सून जुई अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत असे. ती वर्गात सांगायची : बाळ पोटात असताना त्याच्या पाठीच्या कण्यापासून काही पेशी निघतात, अंगभर पांगतात आणि त्यांच्यातून मज्जातंतू तयार होतात. त्यांना 'वाढा, वाढा' असा हुकूम देणारं एक जनुक असतं. त्याचं नाव एमवायसीएन. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती. एक आईकडची, एक बापाकडची. काम झालं की त्याने गप्प बसायचं. "लग्नात माइक हातात आलेला मामा असतो ना," जुई म्हणे, "शहाणा मामा दोन शब्द बोलतो आणि माइक देऊन टाकतो. पण एखाद्या बाळाच्या एखाद्या पेशीत मामा माइक सोडत नाही. उलट स्वतःसारखे पन्नास-शंभर मामा उभे करतो, आणि प्रत्येकाच्या हातात माइक. पेशी बिचारी हुकमाची ताबेदार. ती वाढतच सुटते."

मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक छोटी ग्रंथी असते, बहुधा तिथे गाठ धरते. प्रती दोनच असतील तर अशी गाठ पुष्कळदा तान्हेपणी आपली आपण विरूनही जाते. दहाच्या पुढे गेल्या की मात्र हा कर्करोग लेकराचं वय बघत नाही. मेलेल्या पेशींचे तुकडे रक्तातून लघवीत उतरतात आणि पट्टी त्यातल्या प्रती मोजते. गाठ दिसण्याच्या कितीतरी आधी.

आणखी एक गोष्ट जुई सांगे आणि फळ्यावर तिच्याखाली दोन रेघा मारे. ह्या जादा प्रती बाळाच्या त्या पेशीत नव्याने तयार होतात. त्या आईबापाकडून येत नाहीत, आत्याकडे जात नाहीत. कंपनीनेही हे सांगितलं होतं. जुईने घरी जेवताना सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आणि सहा महिन्यांत स्थळं बघताना विचारायची पद्धत पडली : "तुमच्याकडे पाचवी स्वच्छ आहे ना?" घराण्यात असल्याशिवाय का येतं, असं सगळ्यांचंच मत होतं. विज्ञानाला अजून सापडलं नव्हतं, एवढंच.

जुईची आई ती कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी होणं शक्य नव्हतं. वडील कराडला एकटे; त्यांना कुकर लावता येई, पण बाळाला पायावर घेता येत नसे. तेव्हा सासूबाई, म्हणजे रूपालीताई, म्हणाल्या, "अगं, मी आहे की! तुझी आई असती तर तिने केलं असतं, तसंच करणार मी." आणि खरोखर केलं. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, धुरी, रोजचं मालीश. रूपालीताईंचा हात इतका चांगला, की खालच्या मजल्यावरची शर्वरी शेळके आपल्या दोन महिन्यांच्या मल्हारलाही त्यांच्याकडे न्हाऊ घालायला आणायची. गुटगुटीत पोर, सोसायटीतलं सगळ्यात वजनदार. जुईची मुलगी जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा घातलं ते मल्हारचंच वापरलेलं झबलं. धष्टपुष्ट बाळाचं जुनं झबलं नव्या बाळाला घालायचं, म्हणजे तब्येत लागते, अशी रीत.

"आई, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं?" न्हाऊन निघालेली जुई म्हणाली होती.

"चल, काहीतरीच!" रूपालीताई म्हणाल्या, आणि पदराला डोळे पुसले. ते डोळे खरे होते. गैरसमज नको.

पाचवीच्या संध्याकाळी पाट मांडला. जुईचा नवरा ओजस, त्याची बहीण रेवा, रूपालीताई, मांडीवर बाळ घेऊन जुई. रेवाचं लग्न कोल्हापूरच्या पाटणकरांकडे जवळजवळ ठरलं होतं. साखरपुड्याची तारीख काढली होती, आणि पाटणकरांनी रीतसर विचारलंही होतं, "भाची झालीये म्हणे रेवाला! पाचवी झाली की कळवा."

मोबाइल किणकिणला. ओजसने उचलला, बघितला आणि पालथा घातला.

"किती?" जुईने विचारलं.

"नेटवर्कचं काहीतरी..."

"ओजस, आकडा सांग."

"एकशे चाळीस."

"शक्यच नाही," रूपालीताई म्हणाल्या. इतक्या जोरात, की निरांजन हललं. "असं होऊच शकत नाही! ते पोर... आपलं पोर कसं ठणठणीत आहे!"

"हो ना," ओजस म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "चुकलंय काहीतरी."

जुईला रडू फुटलं, आणि रडता रडताही तिच्या मनात आलं, केवढा जीव ह्यांचा पोरीवर.

डॉक्टर तांबोळी बाई कमी बोलणाऱ्या आणि त्यामुळे महागड्या होत्या. त्यांनी बाळाचं पोट तपासलं, सोनोग्राफी केली.

"गाठ दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे नाहीये?" जुई म्हणाली.

"म्हणजे अजून दिसत नाही. दिसायच्या आधी पकडायचं, म्हणून तर हे यंत्र. परत एकदा पट्टी लावूया. ह्या वेळी माझ्यासमोर."

परत पट्टी लावली. आकडा आला दोन.

जुई खुर्चीतून उठलीच. "मग पहिलं चुकलं होतं!"

"असं नाही म्हणता येत. वाईट पेशींचे तुकडे प्रत्येक लघवीत उतरतील असं नाही. आज उतरले नाहीत. पण एकदा एकशे चाळीस दिसले, ते कुठून तरी आले असणार ना? हवेतून तर नाही येत. दोन निकाल असले, की त्यातला वाईट असेल तो खरा धरायचा, असा नियम आहे."

"आणि औषध?"

औषधाचं नाव होतं 'मौन'. ते शिरेतून देत. जनुकाचा हुकूम ज्या निरोपातून पेशीला पोचतो, तो निरोपच वाटेत कातरायचा, अशी त्याची रीत. मामा कितीही असोत, माइकची वायरच कापायची. ज्यांना सुरुवातीला मिळालं ती बहुतेक मुलं वाचली होती.

"पण कानाच्या मज्जातंतूंची बांधणी ह्या वयात चालूच असते," डॉक्टर म्हणाल्या. "तिथेही हेच जनुक काम करतं. औषधाला आपला-परका कळत नाही. निम्म्या मुलांना ऐकू कमी येतं. काहींना एका कानाने, काहींना दोन्ही. आजार असेल तर हा सौदा मी डोळे मिटून करीन. नसेल तर..." त्यांनी खांदे उडवले. "ठरवा. पण महिनाभर विचार करायला हा आजार थांबत नाही."

घरी आल्यावर रूपालीताईंनी दुसरा निकाल, म्हणजे दोनवाला, मागून घेतला आणि तिथल्या तिथे कोल्हापूरला पाठवला. जुईच्या ते लक्षात आलं. आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटलं. पण राग यायला जागा शिल्लक नव्हती.

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव ठेवलं मनवा. पाळण्याच्या गाण्याला कुणाचा सूर लागेना, म्हणून ते मोबाइलवर लावलं.

मग रोज तोच विषय.

"थांबू की गं जरा," रूपालीताई म्हणत. "एवढंसं पोर. सुया कसल्या टोचता तिला?"

"आई, एकशे चाळीस आहेत."

"मग दोन कुणाचे आले?"

"डॉक्टरांनी सांगितलं ना..."

"डॉक्टर काय, त्यांना औषध खपवायचं असतं."

ओजस म्हणे, "आईचं बरोबर आहे, जुई. पंधरा दिवस थांबूया. परत तपासूया."

"साखरपुड्यापर्यंत?" जुई म्हणाली.

रूपालीताई दुपट्यांच्या घड्या घालू लागल्या, ओजसने मोबाइल उचलला. त्या गप्प बसण्याचा अर्थ जुईने लावला, आणि लावला तो कुठल्याही शहाण्या बाईने लावला असता. ह्यांना पोरीपेक्षा साखरपुडा मोठा आहे. हॉस्पिटलात नाव घातलं, तर कोल्हापूरला कळेल. ज्या बाईने पायावर घेऊन पोरीला न्हाऊ घातलं, तिला पोरीचा जीव आणि रेवाचा शालू एका तागडीत तोलता येतात.

"मी शिकवते हे," ती ओजसला म्हणाली. "दरवर्षी साठ पोरांना शिकवते. तुमचं ऐकून मी थांबले आणि उद्या तिच्या पोटात गाठ सापडली, तर मी फळ्यासमोर उभी कशी राहू? तुला यायचं असेल तर ये. नाहीतर मी एकटी जाते."

ओजस गेला. पहिल्या मात्रेच्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "बाबा, पाय धरा घट्ट. आई लोकांना जमत नाही." ओजसने मनवाचे पाय धरले. सुई शिरेत गेली. मनवा ज्या ताकदीने रडली ती बघून सिस्टर म्हणाल्या, "फुप्फुसं छान आहेत." ओजसच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि जुईला त्या क्षणी त्याची दया आली. तिने रुमाल काढून त्याचं कपाळ पुसलं. पुढे कितीतरी महिने तिला त्या घटनेतलं दुसरं काही आठवत नसे, फक्त आपण त्याचं कपाळ पुसलं होतं, हे आठवे.

दुसरी मात्रा आठवड्याने होती. तिच्या आदल्या दुपारी स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. ओट्यापलीकडे दुपट्यावर मनवा जागी पडली होती. दचकली नाही.

जुईने गॅस बंद केला. स्टीलची वाटी आणि चमचा घेतला आणि मनवाच्या उजव्या कानाशी वाजवला. पोरगी छताकडे बघत राहिली. डाव्या कानाशी वाजवला. तिने पापण्या मिटल्या, हात झाडले. जुईने परत उजव्या बाजूला वाजवला. परत डाव्या. ती वाजवतच राहिली, म्हणून ओजस बघायला आला.

"काय करतेस?"

"उजवा गेला बहुतेक," जुई म्हणाली. शांतपणे म्हणाली, कारण हे आपण मान्य करून टाकलंय, असं तिला वाटत होतं. "एक कान राहिला तरी शाळेत पुढच्या बाकावर बसवतात. उद्या दुसरी मात्रा झाली की बघू, हा राहतो का."

ओजस खाली बसला. फरशीवरच.

"उद्या जायचं नाही, जुई."

"परत सुरू करू नकोस."

"ती पट्टी हिची नव्हती."

"कोणती पट्टी?"

"पहिली. एकशे चाळीसवाली. ती मल्हारच्या लंगोटात ठेवली होती आईने. न्हाऊ घालताना. रेवाचं ठरत होतं, काही निघालं तर नसतं विघ्न, म्हणून... मल्हारची पाचवी स्वच्छ आलेली, पोर असं गुटगुटीत, म्हटलं काहीच निघणार नाही. मी नुसती डबी दिली नेणाऱ्याला."

जुईच्या हातात चमचा तसाच होता.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"मी... पहिल्यापासून. पण आम्ही थांब म्हणत होतो ना! रोज म्हणत होतो!"

"पहिल्या वेळी पाय तूच धरले होतेस."

तोवर रूपालीताई दारात आल्या होत्या आणि उत्तर त्यांच्याकडे नेहमीच असे.

"अगं, तुझ्याच पोरीचं नाव खराब होऊ नये म्हणून केलं," त्या म्हणाल्या. "मला काय माहीत ते पोर आतून तसलं निघेल? आणि आम्ही नाही म्हणत होतो तुला, नाही म्हणत होतो. तूच हट्टाला पेटलीस. शिकलेली ना तू!"

जुईला एकदम कळलं, की ह्या घरात तिला खरा सल्ला एकदाच मिळाला होता आणि तो खोटं बोलणाऱ्यांकडून आला होता. तिने विज्ञानावर विश्वास ठेवला, यंत्राने अचूक मोजलं, डॉक्टरांनी नियम पाळला. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. फक्त लघवी दुसऱ्याची होती.

मग तिच्या डोक्यात पुढचं पाऊल पडलं, आणि ती उठली.

"कुठे निघालीस?" रूपालीताई म्हणाल्या.

"खाली. शर्वरीकडे."

"आत्ता?" रूपालीताईंनी दारात हात आडवा धरला. "जुई, ऐक. सांगायचंच आहे. मी कुठे नाही म्हणते? पण रविवारी साखरपुडा आहे. चार दिवसांनी काय फरक पडतो? सोसायटीभर होईल गं. रेवाने काय बिघडवलंय तुझं?"

"आई, ते पोर रोज तुमच्या पायावर असतं."

"म्हणून तर! मी रोज दाबून बघते त्याचं पोट. काही लागत नाही हाताला."

जुईने त्यांचा हात बाजूला केला. सासूच्या अंगाला असा हात लावण्याची ही तिची पहिलीच वेळ.

शर्वरीने दार उघडलं तेव्हा मल्हार तिच्या कडेवर होता आणि तिच्या केसांची बट चोखत होता.

"ये गं! मनवा झोपली? बघ की हा, नुसता खाऊ-खाऊ करतो..."

जुईने दारातच सांगितलं. सगळं, सरळ, जशी वर्गात एखादी आकृती समजावून द्यावी तसं. शर्वरी पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "पण ह्याची पाचवी स्वच्छ होती. फोटो आहे माझ्याकडे."

"पाचव्या दिवशी नसेल. दोन महिन्यांनी सुरू झालं असेल. निकाल त्या दिवसापुरता असतो गं, जन्माचा नसतो."

"कंपनीने तर..."

"कंपनीने लिहिलंय. कुणी वाचत नाही."

शर्वरी मल्हारला घट्ट धरून उभी राहिली. नंतर तिने एकच गोष्ट विचारली. "तुझ्या सासूला माहीत होतं, आणि तरी ती रोज त्याला न्हाऊ घालत होती?"

"हो."

"आणि मी तिला दर गुरुवारी शिरा पाठवायचे," शर्वरी म्हणाली आणि दार न लावताच आत जाऊन नवऱ्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तांबोळींनी मनवाची मात्रा रद्द केली आणि त्याच खोलीत मल्हारची सोनोग्राफी केली. उजव्या मूत्रपिंडावर सुपारीएवढी गाठ होती. कुठेही पसरली नव्हती. डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या, "इतकी लवकर सापडलेली मी अजून पाहिली नाही."

मल्हारचं ऑपरेशन झालं, औषध चालू झालं, आणि पोर वाचणार, हे दिसायला लागलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण पोर वाचणार म्हटल्यावर ते कुणामुळे, हा प्रश्न आला, आणि सोसायटीने तो सोडवला. पाचवीला स्वच्छ निघालेल्या मल्हारची परत तपासणी कुणी केली असती? कुणीच नाही. ती केली कुणी? रूपालीताईंनी. थोड्याच दिवसांत ह्या हकिकतीतून लबाडी गळून पडली आणि नुसता साक्षात्कार उरला. "मला त्या दिवशी आतूनच वाटलं, ह्या पोराची पट्टी लावावी," असं रूपालीताई स्वतः सांगू लागल्या, आणि मुख्य म्हणजे त्यांना ते खरं वाटू लागलं. गणपतीत सोसायटीने त्यांना नारळ आणि शाल दिली. कंपनीच्या लोकांनी येऊन मल्हारला मांडीवर घेतलेला त्यांचा फोटो काढून नेला.

शर्वरीने जुईला फोन केला. "शिव्या घालू की पाया पडू, कळेना गं," ती म्हणाली. "मग दोन्ही केलं." मग तिने विचारलं, "मनवाचा कान?"

"डावा चांगला आहे."

"जुई, मी काय बोलू?"

"काही बोलू नकोस. औषधाच्या वेळा चुकवू नकोस."

जुई तोवर कराडला वडिलांकडे आली होती. वडिलांना आता बाळाला पायावर घेता येऊ लागलं होतं. थरथरत, पण येऊ लागलं होतं. ओजस दर शनिवारी येई. उंबऱ्याच्या आत बसे, पाणी पिई, मनवाला घेई. तो डाव्या बाजूने बोले. ते बघून जुईला रडू येई आणि ते त्याला दिसू नये म्हणून ती चहा टाकायला जाई. 'परत चल' असं तो दर वेळी म्हणे. ती दर वेळी म्हणे, "कुणाकडे?"

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला होता. सगळं उघड झाल्यावर पाटणकर मोडतील, म्हणून सावर्डेकर श्वास रोखून होते. पाटणकरांनी मोडलं नाही. काही विचारलंही नाही.

दिवाळीच्या आधी पाटणकर वहिनी, म्हणजे रेवाच्या होणाऱ्या सासूबाई, सातारला जाताना वाटेत कराडला उतरल्या. बाळ बघायचं राहिलं होतं, म्हणाल्या. ऐसपैस बाई, बरोबर चिवड्याचा डबा आणि झबलं-टोपडं. मनवाला त्यांनी मांडीवर घेतलं, अंगठ्याने गालाला तीट लावल्यासारखं केलं, वजन किती म्हणून विचारलं.

जुईला राहवलं नाही. "वहिनी, एक विचारू? आमची पाचवी तुम्हाला पाठवली होती. ती बघून तुम्हाला काय वाटलं होतं?"

"कसली?"

"पाचवी. यंत्राचा निकाल. तुम्ही मागितला होतात ना?"

"अगंबाई, ते होय!" पाटणकर वहिनी हसल्या. "विचारायचं म्हणून विचारतो गं आम्ही. सगळेच विचारतात, नाही विचारलं तर बरं दिसत नाही. आमच्या ह्यांनी एकदा उघडायला घेतलं होतं, तर त्याने पासवर्ड मागितला. मग राहूनच गेलं."

"म्हणजे बघितलंच नाही?"

"कुणाचंच नाही बघितलं," त्या म्हणाल्या, आणि चहात साखर जास्त झालीये, पण चालेल, असं म्हणून त्यांनी कप संपवला.